एका फळीवरचीं पुस्तकें

मुलांच्या हातीं कोणतीं पुस्तकें द्यावींत हा प्रश्न आपल्याकडे पुष्कळ वेळां विचारला जातो, आणि त्याचें उत्तरही बहुधा तयारच असतें. अमुक वयापर्यंत चित्रांचीं पुस्तकें, त्यानंतर बोधकथा, मग थोरांचीं चरित्रें, आणि मिसरूड फुटूं लागलें म्हणजे कादंबरी, अशी एक शिडी करून दिली कीं सांगणाराचें कर्तव्य संपतें व विचारणाराचें समाधान होतें. मोठ्या माणसांनीं काय वाचावें हा प्रश्न मात्र या प्रश्नाच्या शेजारीं कधीं उभा केला जात नाहीं. तो निराळा आहे, निराळ्या माणसांनीं निराळ्या वेळीं सोडवावयाचा आहे, असें आपण गृहीत धरतों. प्रस्तुत लेखांत आम्हांस असें दाखवावयाचें आहे कीं, हे दोन प्रश्न मुळांत फारसे निराळे नाहींत. आणि ज्या पुस्तकास त्यांपैकीं एकाचेंच उत्तर होतां येतें, तें घरांत आणण्यापूर्वीं दोनदां विचार करणें बरें.

हा विचार करण्यास स्थळही कारण आहे. सेलू हें परभणी जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव. मनमाडहून परभणीकडे जाणाऱ्या आगगाडीच्या रस्त्यावर, दुधना नदीच्या परिसरांत, कापसाच्या व ज्वारीच्या काळ्या रानांत तें वसलें आहे. अशा गांवांत पाठ्यपुस्तकें व वह्या हव्या तितक्या मिळतात. इतर पुस्तक मात्र पुण्यामुंबईच्या घराइतक्या सहजपणें हातीं येत नाहीं. तें मुद्दाम मागवावें लागतें, किंवा कोणी परगांवाहून येतांना आणावें लागतें. ज्या घरांत वर्षाकाठीं मोजकींच पुस्तकें यावयाचीं, तेथें वयाच्या पायऱ्यांची शिडी काय उपयोगाची? पांच वर्षांच्या मुलीसाठीं एक, बारा वर्षांच्या मुलासाठीं दुसरें, आईसाठीं तिसरें व आजोबांसाठीं चौथें, अशी वांटणी करावयास फळी मोठी लागते आणि पैसाही मोठा लागतो. येथें एका फळीवर, एकाच घरानें, पुनःपुन्हां काढून वाचावयाचीं पुस्तकें निवडावयाचीं आहेत. ही अडचण आहे खरी. पण कोणतें पुस्तक खरोखर चांगलें याची परीक्षाही या अडचणींतच सर्वांत चोख होते.

वस्तुतः वयावरून साहित्याची वांटणी करण्याची रीत आपल्याकडे जुनी नाहीं. श्रावणांतील कहाणी घरांतील आजी सांगे तेव्हां ती कोणत्या वयाच्या श्रोत्यासाठीं आहे हें तिला कोणी विचारीत नसे. नातवंडें राजाच्या नावडतीच्या हकिकतीकडे कान देत. सुनांच्या मनांत त्याच हकिकतीनें कांहीं निराळेंच हाले. कीर्तनाची तीच गोष्ट. आख्यानांतील विनोदानें मूल हसे, अभंगाच्या चरणावर म्हातारा डोळे मिटून बसे, आणि दोघेही एकाच घोंगडीवर बसलेले असत. याच जिल्ह्यांतील गंगाखेड हें परंपरेनें संत जनाबाईचें गांव मानलें जातें. जात्याशीं जोडलेलें तिचें काव्य आईच्या मांडीवर पेंगत असलेल्या मुलाच्या कानीं किती पिढ्या पडत आलें असेल! मुलासाठीं एक जनाबाई व आईसाठीं दुसरी, असें करण्याची आवश्यकता कोणास भासली नाहीं. ऐकणाराच्या ऐपतीप्रमाणें घेऊं द्यावें, हा त्या सांगण्याचा न बोललेला नियम होता.

भेद आला तो छापखान्याबरोबर, आणि छापखाना आला तो शाळेचा हात धरून. तंजावरास सरफोजीराजांच्या आश्रयानें १८०६ सालीं इसापाच्या गोष्टी ‘बालबोधमुक्तावलि’ या नांवानें मराठींत छापल्या गेल्या. मुंबईस सदाशिव काशिनाथ छत्रे यांनीं १८२८ सालीं ‘बाळमित्र’ व ‘इसपनीतिकथा’ हीं पुस्तकें सिद्ध केलीं. त्यांतील पहिलें तर बर्कें या फ्रेंच ग्रंथकाराच्या मुलांसाठीं लिहिलेल्या गोष्टींवरून इंग्रजीच्या द्वारें आलें. पुढें विनायक कोंडदेव ओक यांनीं १८८१ पासून ‘बालबोध’ मासिक चालविलें आणि वा. गो. आपटे यांनीं १९०६ सालीं ‘आनंद’ मासिक सुरू केलें. या मंडळींचें ऋण मोठें आहे. मराठी मूल वाचतें झालें तें त्यांच्यामुळें, आणि त्यांची भाषा आजही अनेक नव्या लेखकांनीं हेवा करावा अशी सरळ व निर्मळ आहे. तथापि पुस्तक हें पाठशाळेच्या दारानें घरांत आल्यामुळें त्याच्या अंगाला पाठाचा वास लागला तो लागलाच. मुलांचें पुस्तक म्हणजे मुलाला सुधारण्याचें साधन, ही समजूत तेथून रूढ झाली. ज्या वस्तूनें दुसऱ्याला सुधारावयाचें, ती स्वतःसाठीं कोण वाचणार? मोठ्या माणसानें तें पुस्तक मुलाच्या हातीं द्यावें आणि आपण वर्तमानपत्र उघडावें, हा क्रम त्यांतूनच आला.

मराठवाड्याच्या बाबतींत याला आणखी एक बाजू आहे. १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता आणि तेथें प्राथमिक इयत्तांच्या वरच्या सरकारी शिक्षणाचें माध्यम उर्दू होतें. मराठी वाचन जिवंत ठेवण्याचा भार त्यामुळें बराचसा घरांनीं, खासगी शाळांनीं व गांवोगांवच्या वाचनालयांनीं उचलला. येथें मराठी पुस्तक हें परीक्षेचें कमी आणि घरचें अधिक होतें. आज शाळा मराठी आहेत, पाठ्यपुस्तकें मराठी आहेत; पण पुस्तक घरचें आहे ही जी जाणीव अडचणीच्या काळांत सहज होती, ती सोयीच्या काळांत टिकली आहे काय, हें प्रत्येक घरानें आपल्यापुरतें पाहावें.

आतां आमची कसोटी सांगतों. चांगल्या पुस्तकांत दोन वाचकांना जागा असते. लहान वाचक त्याच्या ओसरीवर बसतो, मोठा वाचक माजघरापर्यंत जातो. परंतु घर एकच असतें, आणि ओसरीवर बसलेल्यास आंत आणखी खोल्या आहेत हें जाणवत असतें. अशा पुस्तकाच्या तीन खुणा दिसतात. पहिली, तें दुःख लपवीत नाहीं. दुसरी, तें मुलाशीं बोलतांना भाषेला बोबडी करीत नाहीं. तिसरी, तें सर्व कांहीं सांगून टाकीत नाहीं. वाचणारा मोठा होऊन परत येईल तेव्हां त्याला सांगण्यासारखें थोडें शिल्लक ठेवतें. या तीन खुणा मनांत धरून कांहीं पुस्तकांचा विचार करूं.

पहिलें पुस्तक अर्थात् ‘श्यामची आई’. साने गुरुजींनीं तें नाशिकच्या तुरुंगांत १९३३ च्या फेब्रुवारींत अवघ्या पांच दिवसांत बहुतांशीं लिहून काढलें, आणि तें १९३५ सालीं प्रसिद्ध झालें. या पुस्तकावर दोन प्रकारचा अन्याय झाला आहे. भाविकांनीं त्याला संस्काराचें औषध करून चमच्याचमच्यानें मुलांना पाजलें; रसिकांनीं त्याला अश्रूंचा पूर म्हणून बाजूस सारलें. दोघांनींही तें पुरतें वाचलें असें दिसत नाहीं. पुस्तकाची मांडणीच पाहा. श्याम या गोष्टी मुलांना सांगत नाहीं. आश्रमांत सायंप्रार्थनेनंतर मित्रमंडळी जमते, तिला तो एकेका रात्रीं एकेक आठवण सांगतो. ऐकणारे मुख्यत्वें मोठे आहेत. म्हणजे ज्याला आपण मुलांचें पुस्तक म्हणून बाजूला ठेवलें, तें लेखकाच्या मनांत मुळापासूनच मोठ्यांच्या बैठकींत सांगितलेलें होतें.

मुलाला त्यांत आई दिसते: पोहावयास पाठविणारी, रागावणारी, जवळ घेणारी. मोठ्याला त्यांत एका कोंकणी घराची पडझड दिसते. कर्ज कसें वाढतें, प्रतिष्ठेच्या कल्पना माणसाला वेळेवर सावध कसें होऊं देत नाहींत, सावकाराच्या माणसाचा शब्द स्त्रीच्या काळजास कसा लागतो, आणि ज्या बाईनें मानानें दिवस काढले तिला दुसऱ्यांचें दळण दळण्याची पाळी कशी येते, हें सारें तेथें आहे. कर्जानें मोडलेलें घर म्हणजे काय हें मराठवाड्यांतील वाचकाला टीपा देऊन समजवावें लागत नाहीं. पुस्तकांत दोषही आहेत. श्याम पुष्कळदां गोष्ट संपल्यावरही थांबत नाहीं. जें प्रसंगानेंच सांगितलें तें तो प्रवचनानें पुन्हां सांगतो, आणि तेथें आमची तिसरी खूण पुसली जाते. वडील माणसानें मोठ्यानें वाचतांना हे भाग सोडले तरी चालेल. प्रसंग मात्र एकही सोडूं नये; आईच्या मृत्यूचा तर नाहींच. मुलाला मृत्यूपासून दूर ठेवणें हें कोणाच्याही हातांत नाहीं. पुस्तकांत तो प्रथम भेटला, आणि भेटला तेव्हां जवळ कोणी होतें, एवढें मात्र आपल्या हातांत आहे.

दुसरें पुस्तक अगदीं उलट प्रकृतीचें आहे, आणि तें मुद्दाम घेतलें आहे. कारण दुःख न लपविणें म्हणजे सदा गंभीर असणें असा समज होण्याची भीति असते. विंदा करंदीकरांच्या बालकविता, विशेषतः ‘राणीची बाग’ (१९६१), ‘एटू लोकांचा देश’ (१९६३) व ‘पिशीमावशी आणि तिची भुतावळ’ (१९८१) हीं पुस्तकें ज्या घरांत नाहींत, त्या घरांतील मुलांचें हसणें कांहींसें अपुरें राहिलें आहे. या कवीस २००३ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. त्यानें ज्ञानेश्वरांच्या ‘अमृतानुभवा’ला अर्वाचीन मराठींत आणलें, ॲरिस्टॉटलचें काव्यशास्त्र मराठींत मांडलें. तोच कवि एटू नांवाच्या लोकांचा उफराटा देश उभारतो, किंवा एका भुताळ्या मावशीचा संसार थाटतो, तेव्हां तो विद्वत्ता बाजूस ठेवून मुलांत मूल झाला, असें कौतुकानें म्हणण्याची चाल आहे. आम्हांस तें बरोबर वाटत नाहीं. विद्वत्ता त्यानें बाजूस ठेवलेलीच नाहीं. उफराटा देश रचण्यासाठीं सुलटा देश कोणत्या नियमांनीं चालतो हें नीट ठाऊक असावें लागतें. इंग्रजींत ‘ॲलिस’ (१८६५) लिहिणारा गृहस्थ गणिताचा अध्यापक होता आणि बंगालींत ‘आबोल ताबोल’ (१९२३) लिहिणारे सुकुमार राय मुद्रणशास्त्राचे पंडित होते, हा केवळ योगायोग नव्हे. मुलाला त्या कवितांत गंमत दिसते. मोठ्याला आपल्या रीतिभाती किती ओळखीच्या म्हणूनच खऱ्या वाटत होत्या, याचा हलका चिमटा बसतो. शिवाय ताल असा पक्का कीं, वाचतांना एक अक्षर चुकलें तर पांच वर्षांची मुलगीही ओळखावी. भाषा बोबडी न करतां मुलाशीं बोलणें म्हणजे काय, याचा याहून चांगला धडा मराठींत आम्हांस ठाऊक नाहीं.

तिसरें पुस्तक ‘बखर बिम्मची’ (१९८६). जी. ए. कुलकर्णी हें नांव उच्चारलें कीं ‘काजळमाया’, नियति, काळोख, न सुटणारीं कोडीं हीं वाचकाच्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. धारवाडास राहून मराठींत अशी गडद कथा लिहिणाऱ्या या लेखकानें आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत एका लहानग्या बिम्मची, त्याच्या बब्बी नांवाच्या बहिणीची आणि त्याच्याशीं बोलणाऱ्या पशुपक्ष्यांची गोष्ट लिहिली. १९८७ सालीं ते वारले. मोठ्या लेखकाचा हा विरंगुळा होता असें समजून हें पुस्तक वाचणारा निराळ्याच ठिकाणीं जाऊन पोंचतो. जी. एं.च्या मोठ्या कथांतील माणूस जगाला प्रश्न विचारतो आणि जग त्याला उत्तर देत नाहीं. बिम्मही दिवसभर प्रश्नच विचारतो; पण त्याला प्रत्येक वस्तु उत्तर देते. हीं दोन्ही जगें एकाच लेखणीनें लिहिलीं आहेत हें ज्याला माहीत आहे, त्या प्रौढ वाचकाला बिम्मच्या बडबडीच्या मागें एक हुरहूर ऐकूं येते. हीं उत्तरें फार दिवस मिळणार नाहींत, हें लेखकाला ठाऊक आहे. बिम्मला ठाऊक नाहीं. आणि लेखक त्याला सांगत नाहीं. येथें तिसरी खूण पूर्ण उतरली आहे. मुलाला वाचून दाखवितां दाखवितां वाचणाराचाच आवाज मध्येंच कां अडकला, हें मुलाला त्या वेळीं कळूं नये आणि वीस वर्षांनीं आपल्या मुलाला वाचून दाखवितांना कळावें, असें हें पुस्तक आहे.

आतांपर्यंत आपण मुलांच्या समजलेल्या पुस्तकांत मोठ्यांची जागा पाहिली. उलट बाजूही पाहिली पाहिजे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) ही मुलांसाठीं लिहिलेली नाहीं. तथापि बारातेरा वर्षांच्या मुलाच्या हातीं निःशंकपणें द्यावी अशी ती कादंबरी आहे. एक अगदीं तरुण मास्तर माणदेशांतील धनगरांच्या वाडीवर शाळा चालविण्यास जातो. शाळा आहे, पण मुलें नाहींत. हळूहळू मुलें येतात, माणसें उलगडतात, मास्तर वाडीचा होतो. आणि मग पाऊस पडत नाहीं. मेंढरें मरतात, माणसें वाडी सोडून जातात, आणि जेथून आरंभ झाला तेथें शून्य उरतें. वाक्यें इतकीं आंखूड व शब्द इतके नेमके कीं, मुलाला अडखळावें लागत नाहीं. मुलगा ती मास्तराची व धनगरांची गोष्ट म्हणून वाचतो. मोठा ती वाचतो तेव्हां, माणसानें उभारलेलें चांगुलपण आभाळाच्या एका हुलकावणीनें कसें पांगतें, हें त्याला दिसतें; आणि तरीही उभारणें व्यर्थ होतें असें पुस्तक कोठेंही म्हणत नाहीं, हेंही दिसतें. १९७२ चा दुष्काळ ज्यांनीं पाहिला, खडी फोडण्याच्या कामावर ज्यांचे आईबाप गेले, असे वडीलधारे मराठवाड्याच्या घराघरांत आहेत. नातवानें या कादंबरीचा शेवट वाचून पुस्तक मिटल्यावर आजोबांना विचारावें, ‘तुमच्याकडेही असें झालें होतें का?’ आणि आजोबांनीं सांगावयास लागावें, याहून पुस्तकाचें निराळें सार्थक तें काय?

प्रकाश नारायण संत यांचें ‘वनवास’ (१९९४) हेंही त्याच जातीचें. आईवडिलांपासून दूर, आजीआजोबांच्या घरीं वाढणारा लंपन हा मुलगा त्यांतील कथांचा नायक आहे. पण त्या कथा मुलांसाठीं म्हणून सांगितलेल्या नाहींत. येथें भाषेचा प्रश्न उपस्थित होतो. बेळगांवकडच्या मराठींतील कानडी वळणें सेलूच्या मुलाला कशीं कळावींत? आमचें उत्तर असें कीं, प्रत्येक शब्द कळला पाहिजे हा आग्रहच पाठ्यपुस्तकाकडून आलेला आहे. सेलूचें मूल जी मराठी बोलतें तिच्यांतही दक्खिनी उर्दूचा रंग आहेच. दुसऱ्या सीमेवरची दुसरी रंगीत मराठी छापील पानावर मानानें बसलेली पाहून, आपली बोलीही तेथें बसण्यास अपात्र नाहीं, हें त्याला आपोआप उमगेल. शिवाय लंपनचें एकटेपण समजण्यास कोश लागत नाहीं. मुलाच्या मनांत किती दुःख मावतें व तें तो किती कौशल्यानें लपवितो, हें मोठ्या माणसांना समजावें म्हणून तर हें पुस्तक मोठ्यांनींच आधीं वाचावें.

येथें एक आक्षेप येण्यासारखा आहे. या कसोटीनें मुलांचीं किती तरी आवडतीं पुस्तकें बाद होतील, भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेचें काय? फुरसुंगीहून पुण्याच्या शाळेंत आलेला हा किडकिडीत, सायकलवीर बनेश फेणे पिढ्यान् पिढ्या मुलांचा सोबती झाला आहे. पण चाळिशींतील वाचकाला त्यांत आपलें बालपण सोडून नवें असें थोडेंच सांपडतें. आम्ही हा आक्षेप मान्य करतों आणि तरीही बनेशला फळीवर जागा देतों. धांवण्याची भूक हीही भूकच आहे. पान उलटण्याची घाई ज्या मुलाला कधीं झालीच नाहीं, त्याच्याकडून संथ वाचनाची अपेक्षा करणें व्यर्थ आहे. भागवतांनीं ज्यूल व्हर्नच्या अद्भुत प्रवासकथा मराठींत आणून हीच भूक भागविली. मात्र अशा पुस्तकांचें काम वाचनाच्या दारापर्यंत आणून सोडण्याचें आहे. घरभर तींच असलीं तर मूल दारांतच वाढतें. अधिक दोषास्पद आम्हांस वाटतात तीं निराळींच पुस्तकें: ज्यांत साहस नाहीं, हसूं नाहीं, दुःख नाहीं, केवळ खोटें बोलूं नये व लवकर उठावें इतकेंच आहे. तीं ना मुलाचीं ना मोठ्याचीं. तीं भेट देणाराचीं असतात.

फळी अशी भरत आली असतां एक रिकामी जागा मात्र डोळ्यांत भरते. या फळीवर कोंकण आहे, पुणें आहे, माणदेश आहे, बेळगांव आहे. परभणीचें काळें रान कोठें आहे? मोठ्यांच्या साहित्यांत तें आहे, आणि ठळकपणें आहे. सेलूच्या शेजारच्या सातोना येथें जन्मलेल्या बी. रघुनाथांनीं (१९१३–१९५३) कवितेंत व कथाकादंबऱ्यांत निजामी राजवटींतील हा मुलूख बोलता केला. सेलू तालुक्यांतीलच गुगळी धामणगांवच्या आसाराम लोमटे यांच्या ‘आलोक’ या कथासंग्रहास २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. गांवांतील सत्ता, जात व शेती यांचे ताण इतक्या संयमानें मांडणारा कथाकार आज मराठींत विरळा. परंतु या कथा सोळासतरा वर्षांच्या आधीं हातीं देण्यासारख्या नव्हेत. इंद्रजित भालेरावांनीं ‘पीकपाणी’ या संग्रहापासून या भागांतील कुणबिकीचें जग कवितेंत आणलें, आणि ‘रानमळ्याची वाट’ सारख्या संग्रहांतून तें मुलांपर्यंतही पोंचविलें. ही मोलाची सुरुवात आहे. गद्यांत मात्र या भागांतील लंपन अजून आमच्या पाहण्यांत आला नाहीं.

ही उणीव केवळ प्रादेशिक अभिमानाची बाब नाहीं. जें मूल पुस्तकांत नेहमीं दुसऱ्याचेंच गांव पाहतें, त्याची हळूहळू अशी समजूत होते कीं, पुस्तकें हीं दुसरीकडच्या लोकांविषयीं असतात. आपल्या वेशींतून आंत येतांच पुस्तक संपतें. पुढें तें मोठें होऊन वाचीनासें झालें तर आपण त्याला दोष देतों. दुधनेच्या काठावरची एक दुपार, कापूस वेंचावयास गेलेल्या आईची वाट पाहणारी एक मुलगी, फलाटावर गाडीची वाट पाहणारें ऊस तोडावयास निघालेलें एक कुटुंब, आणि त्यांच्याबरोबर शाळा सोडून जाणारा वर्गांतला सोबती, हे विषय मुलांना जड आहेत असें म्हणण्याचा अधिकार आपणांस नाहीं. कारण तीं मुलें हें सर्व रोज पाहतात. जड आहे तें मोठ्यांना सांगावयास. ज्यांच्या लेखणीला येथील मोठ्यांचें दुःख सांगतां आलें, त्यांनीं तेंच एकदां दहा वर्षांच्या उंचीवरून पाहावें, अशी त्यांना आमची नम्र विनंती आहे.

शेवटीं निवडीइतकीच महत्त्वाची अशी रीतीची गोष्ट. वर सांगितलेलीं पुस्तकें आणून मुलाच्या पुढें टाकलीं व ‘वाच’ म्हटलें, तर या लेखाचा उपयोग झाला नाहीं असें समजावें. हीं पुस्तकें मोठ्यानें वाचावयाचीं आहेत. रात्रीं जेवण झाल्यावर अर्धा तास, घरांतील कोणीही एकानें वाचावें व बाकीच्यांनीं ऐकावें. कधीं आईनें, कधीं आजोबांनीं, आणि अक्षरें जुळूं लागलीं कीं मुलानेंही. वाचून झाल्यावर प्रश्न विचारूं नयेत. या गोष्टीपासून काय बोध घेतलास, हा प्रश्न तर मुळींच विचारूं नये. त्या एका प्रश्नानें घर पुन्हां शाळा होतें. मुलानें विचारलें तर सांगावें, आणि उत्तर ठाऊक नसेल तर मुलाबरोबर विचार करीत बसावें.

मुलें वाचीत नाहींत, त्यांच्या हातांतील दूरध्वनियंत्र सुटत नाहीं, ही तक्रार आज घरोघर ऐकूं येते. तक्रार करणाराच्या हातांत त्या वेळीं काय असतें, हें मुलें बारकाईनें पाहत असतात. जें आपण स्वतः कधीं उघडीत नाहीं तें मुलाला गोड लागावें, ही अपेक्षा न्यायाची नाहीं. म्हणून मुलासाठीं पुस्तक निवडतांना एवढेंच करावें: तें प्रथम आपण वाचावें. शेवटच्या पानापर्यंत आपलें मन त्यांत रमलें, तर तें मुलाला द्यावें. न रमलें, तर मुलाचेंही रमणार नाहीं. फार तर तें आज्ञाधारकपणें तें पुरें करील, आणि पुस्तकाच्या बाबतींत आज्ञाधारकपणा हा गुण नव्हे.